लोखंड साफ करायचंय? रेतीला हात लावण्याआधी हे वाचा

भंडारा–लाखनी रस्त्यावरचे फॅब्रिकेशनवाले, तुमसर-मोहाडीकडचे राइस मिलचे मालक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे, जुन्या पाणीटाक्या रंगवून देणारे ठेकेदार, यांच्यापैकी कुणीही भेटलं की तेच तीन प्रश्न येतात. नदीची रेती मारून गंज काढला तर चालतं का? माझ्याकडे दहा एचपीचा कॉम्प्रेसर आहे, त्यावर ब्लास्टिंग होईल का? आणि एवढा खर्च करूनही दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे का सुटतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जीव अडकलेला आहे. नाही, चालत नाही. वैनगंगेची रेती घर बांधायला उत्तम आहे, पण लोखंडावर मारायला ती वापरूच नका. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढे सविस्तर दिली आहेत.

रेती का नको

आपल्याकडे रेती दारात मिळते. ग्रिट किंवा गार्नेट मात्र बाहेरून मागवावं लागतं. त्यामुळे मोह होतो, हे मला कळतं. पण नदीची रेती म्हणजे मुख्यतः स्फटिकरूपातली सिलिका. सात किलो दाबाने ती लोखंडावर आदळली की दाण्याचा चुरा होतो, आणि त्यातला अगदी बारीक भाग डोळ्यांना दिसतही नाही. दिसते ती धूळ खाली बसते. न दिसणारी धूळ बराच वेळ हवेत राहते आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचते. तिथून ती बाहेर पडत नाही. फुप्फुस आतून कडक होत जातं. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. दगडफोडीत तो दिसायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. रेतीच्या ब्लास्टिंगमध्ये धूळ इतकी दाट असते की काही वर्षांत, कधीकधी काही महिन्यांतच माणूस धापा टाकू लागतो.

हायवेलगतच्या एका शेडमध्ये मी हे काम जवळून पाहिलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळून नोझल धरून उभा होता. काम थांबवून त्याने दुपट्टा सोडला, तर आतल्या घडीवरही राखाडी थर होता आणि पापण्यांवर पिठासारखी धूळ. मग त्याने त्याच कॉम्प्रेसरची नळी घेऊन अंगावरचे कपडे झटकले. शेडमध्ये पुन्हा ढग उठला, आणि शेजारी डबा उघडून बसलेल्या दोघांनी तो श्वासात घेतला. दुपट्टा किंवा साधा कापडी मास्क ही धूळ अडवत नाही. ओला केला तरी अडवत नाही.

ब्रिटनने 1949 मध्येच ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये रेतीवर बंदी घातली. जीन्सला जुनाट रंग आणण्यासाठी रेती मारणारे तरुण कामगार आजारी पडून मरू लागले, तेव्हा तुर्कस्तानने 2009 मध्ये ते काम बंद केलं. आपल्याकडेही कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र कारखाने नियम, 1963 मधल्या नियम 114 खाली धोकादायक कामांच्या अनुसूची आहेत. त्यांत दाबाच्या हवेने रेती, छर्रे किंवा ग्रिट मारण्याच्या कामासाठी स्वतंत्र अनुसूची आहे. ब्लास्टिंगसाठी रेती किंवा मोकळी सिलिका असलेला पदार्थ वापरायचा नाही, हे त्यातलं मुख्य कलम. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, म्हणून हे जुने नियम गेले असं काही जण सांगतात. नवे नियम पूर्णपणे लागू होईपर्यंत जुन्या नियमांचा आधार सुटत नाही. आणि संहितेतसुद्धा सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आहे.

मग काय मारायचं?

- स्टील ग्रिट किंवा शॉट: बंद खोलीत किंवा कॅबिनेटमध्ये काम असेल तर हेच घ्या. ते गोळा करून, चाळून पुन्हापुन्हा वापरता येतं. खरेदीची रक्कम बघून घाबरू नका, एका फेरीचा खर्च काढून बघा. उघड्यावर मात्र वापरू नका. ते सांडतं आणि पावसात गंजून त्याचे गोळे होतात.
- गार्नेट: साइटवर, टाकी-पुलाच्या कामाला चांगलं. ते स्वतः सिलिकेट असलं तरी त्यात मोकळी सिलिका अगदी कमी असते. पोत्याबरोबर चाचणीचा कागद मागा. मोकळी सिलिका एक टक्क्याच्या आत हवी.
- कॉपर स्लॅग: स्वस्त आणि धारदार, पण एकदाच वापरायचं. पुरवठादार बदलला की माल बदलतो, म्हणून इथेही चाचणीचा कागद हवाच.
- काचेचे मणी: पितळ, अॅल्युमिनियम, स्टेनलेससाठी. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचं काम करणाऱ्यांनीही विचारलं आहे, म्हणून सांगतो. पातळ पत्र्याच्या भांड्यावर ग्रिट मारलं तर पत्रा वाकतो आणि खडबडीत होतो. बारीक मणी, दोन-तीन किलो दाब आणि बंद कॅबिनेट एवढंच वापरा. आरशासारखी चकाकी हवी असेल तर बफिंगला पर्याय नाही.

यांपैकी काहीही मारलं तरी धूळ होतेच. जुना रंग निघतो, गंज निघतो, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. अॅब्रेसिव्ह सुरक्षित घेतलं म्हणून कामगाराला उघड्या तोंडाने उभं करता येत नाही.

ब्लास्टिंगची गरज आहे का, हे आधी ठरवा

प्रत्येक कामाला ब्लास्टिंग लागत नाही. घराचं फाटक, गोठ्याची शेड, वर्षा-दोन वर्षांनी हाताशी येणारी जाळी, यांना वायर ब्रश, ग्राइंडर आणि चांगला प्रायमर पुरतो. कागदोपत्री या साफसफाईला एसटी 2 आणि एसटी 3 म्हणतात.

ब्लास्टिंगचे दर्जे एसए 1, एसए 2, एसए अडीच आणि एसए 3 असे आहेत. टेंडरमध्ये बहुतेकदा एसए अडीच लिहिलेलं असतं. म्हणजे गंज, जुना रंग आणि नव्या पत्र्यावरची काळी पपडी सगळी गेली पाहिजे. उरले तर फक्त फिकट डाग, ठिपके किंवा रेषा. इपॉक्सी आणि झिंकच्या महागड्या रंगांना हा दर्जा लागतोच. पाण्यात किंवा सतत ओलाव्यात राहणारं पोलाद, म्हणजे टाकीचा आतला भाग किंवा गोसीखुर्द धरणाच्या 33 दरवाजांसारखं काम, तिथे तडजोड करू नका. तिथे पुन्हा मचाण बांधून रंगवण्याचा खर्च पहिल्या साफसफाईपेक्षा कितीतरी मोठा असतो.

वर्षातून चार-पाचदाच काम येत असेल तर यंत्र विकत घेऊ नका. सुटे भाग नागपूरकडे, हिंगणा-बुटीबोरीला जॉबवर्कला पाठवा आणि तिथूनच पहिला प्रायमर मारून आणा. साफ केलेलं लोखंड उघडं ट्रकमध्ये घालून आणलं, तर पावसाळ्यात भंडाऱ्यात पोचेपर्यंत त्यावर लाली चढलेली असते.

दहा एचपीवर काय होईल?

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. दुकानदार दाब सांगतो, ‘दहा किलोपर्यंत जातो’ म्हणतो. पण ब्लास्टिंगला दाबाइतकीच हवेची मात्रा लागते. ती सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. सात किलो दाबावर नोझलच्या छिद्राप्रमाणे साधारण एवढी हवा लागते:

- 5 मिमीच्या आसपास: 45 सीएफएम
- 6 मिमी: 80 सीएफएम
- 8 मिमी: 137 सीएफएम
- 9.5 मिमी: 196 सीएफएम

एका एचपीला चार सीएफएम हवा धरली, तर दहा एचपीतून चाळीसच्या आसपास मिळते. म्हणजे 6 मिमीचं नोझल लावलं की मिनिटभरात टाकी रिकामी, काटा तीन किलोवर, आणि तुम्ही हातावर हात ठेवून उभे. दहा एचपीवर छोट्या नोझलचं कॅबिनेट चालेल. कंस, पट्ट्या, लहान सुटे भाग होतील. ट्रॉलीचं धूड किंवा टाकी होणार नाही. त्यासाठी दिवसाच्या भाड्याने डिझेल कॉम्प्रेसर घेणं परवडतं.

खरेदी करताना हे लक्षात ठेवा:

- कोटेशनवर ‘फ्री एअर डिलिव्हरी’चा आकडा लिहून घ्या. पिस्टन डिस्प्लेसमेंटचा आकडा मोठा दिसतो, तेवढी हवा नळीतून येत नाही.
- नळीचं आतलं माप नोझलच्या छिद्राच्या तीन ते चार पट हवं. बारीक आणि लांब नळीत दाब मरतो. दाब नोझलपाशी मोजा, टाकीवर नव्हे.
- नोझल झिजतं. 6 मिमीचं छिद्र झिजून 8 झालं की हवा जवळजवळ पावणेदोन पट लागते. नव्या नोझलमध्ये घट्ट बसणारी ड्रिलची दांडी बाजूला ठेवून द्या आणि दर आठवड्याला घालून बघा. छिद्र दीड मिमीने मोठं झालं की नोझल टाकून द्या. हजारभर रुपये वाचवण्यासाठी रोज कित्येक लिटर डिझेल जाळण्यात अर्थ नाही.

पावसाळा आणि हवेतलं पाणी

रंग का सुटतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर 100 सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला सुमारे तीन लिटर पाणी गाळतो. हे पाणी टाकीतून वेळच्या वेळी काढलं नाही आणि नळीवर मॉइश्चर सेपरेटर नसला, तर तेच पाणी, कॉम्प्रेसरच्या तेलासकट, साफ केलेल्या लोखंडावर जातं. वरून रंग छान दिसतो. खाली तेलाचा थर असतो.

तपासणी सोपी आहे. अॅब्रेसिव्ह बंद करून फक्त हवा सोडा. नळीच्या तोंडापासून हातभर अंतरावर पांढरं स्वच्छ कापड लाकडी पट्टीवर ताणून एक मिनिट धरा. ओल किंवा तेलाचा पिवळट डाग दिसला तर त्या दिवशी काम सुरू करू नका. कापड हातात धरायचं नाही, पट्टीवरच धरायचं.

दुसरा नियम दवाचा. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश जास्त हवं आणि आर्द्रता 85 टक्क्यांखाली. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे लोखंड किमान 29 अंश हवं. जुलै-ऑगस्टमधल्या सकाळी सावलीतला पत्रा त्याहून थंड असतो. म्हणून त्या महिन्यांत ब्लास्टिंग दुपारी करा, चार तासांत प्रायमर मारता येईल एवढाच भाग घ्या, आणि हवा ओली असेल तर चार तासांचीही वाट पाहू नका. ठेकेदाराने सकाळभर साफ करून दुसऱ्या दिवशी रंगवायचं ठरवलं असेल, तर मालक म्हणून तुम्ही नाही म्हणा.

नोझल धरणाऱ्यासाठी

नियमांत ब्लास्टिंग बंद खोलीत करणं, खोलीतली धूळ ओढून घेणारी व्यवस्था, तिची आठवड्याला तपासणी आणि आत जाणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारं शिरस्त्राण या गोष्टी येतात. शिरस्त्राणात मिनिटाला किमान 6 घनफूट हवा गेली पाहिजे. यातल्या चुका मी वारंवार पाहतो:

- शिरस्त्राणाची नळी थेट कॉम्प्रेसरला जोडलेली असते, मध्ये श्वासाच्या हवेचा फिल्टर नसतो. वंगणाचं तेल असलेला कॉम्प्रेसर तापला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. डिझेल कॉम्प्रेसरचा धूर हवा ओढण्याच्या बाजूला तर येत नाही ना, हेही बघा.
- हवा कमी पडली म्हणून गॅस कटिंगचा ऑक्सिजन जोडला जातो. हे कधीही करू नका. श्वासासाठीही नको आणि कपडे झटकायलाही नको. ऑक्सिजनने भिजलेले कपडे एका ठिणगीने पेटतात.
- नोझलवर ‘डेडमॅन’ हँडल नसतं. हात सुटला की प्रवाह आपोआप थांबला पाहिजे. तो दांडा तारेने बांधून ठेवलेला दिसला तर काम थांबवा.
- नळीच्या जोडांवर पिन आणि सुरक्षा दोरी नसते. सात किलोवर सुटलेली नळी सापासारखी उसळते आणि डोकं फोडते.
- नळी आणि वस्तू दोन्हींना अर्थिंग नसतं.

अठरा वर्षांखालच्या कुणालाही या कामाला लावायचं नाही.

हवेच्या टाकीची तपासणीही टाळली जाते. सक्षम व्यक्तीकडून दर सहा महिन्यांनी बाहेरून आणि दर वर्षी आतून तपासून अहवाल घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हवर नट घट्ट आवळून ‘फुसफुस बंद केली’ असं अभिमानाने सांगणारा कामगार भेटला, तर त्याला न रागावता व्हॉल्व्ह कशासाठी असतो ते समजावा आणि त्याच दिवशी तो बदला.

राइस मिलमध्ये हवा मारण्याविषयी

ब्लास्टिंग न करणाऱ्यांनीही हा भाग वाचावा. मिल बंद करताना कोंडा आणि भुसा दाबाच्या हवेने उडवायची पद्धत सगळीकडे आहे. खाली बसलेली धूळ शांत असते. ती हवेत उडाली आणि गरम बेअरिंग किंवा उघडा स्विच भेटला, तर भडका उडतो. आधी यंत्र बंद करा, मग झाडू किंवा औद्योगिक व्हॅक्यूम वापरा. हवा लागलीच तर दोन किलोपेक्षा कमी दाबावर, कडेला छिद्रं असलेल्या नोझलने, डोळ्यांवर चष्मा लावून आणि कोपऱ्यापुरतीच.

अंगावर हवा मारणं कायमचं बंद करा. कातडीवर जखम असेल तर हवा आत शिरते, डोळ्यात कण जातात, कानाचा पडदा फाटतो. थट्टेत सहकाऱ्याच्या गुदद्वाराशी नळी धरल्याने आतडं फाटून मृत्यू झाल्याच्या बातम्या देशभरातून आल्या आहेत. दोन किलोची हवाही त्याला पुरते. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट शब्दांत सांगा. लाजू नका.

उरलेला कचरा

वापरलेलं अॅब्रेसिव्ह खड्ड्यात किंवा तलावाच्या पाळीवर टाकू नका. आपला जिल्हा तलावांचा आहे, ते पाणी शेतात जातं आणि त्यातलीच मासळी आपण खातो. जुन्या पुलाचा किंवा टाकीचा लालसर प्रायमर खरवडला असेल, तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून नमुना तपासून घ्या. शिसं निघालं तर तो कचरा घातक ठरतो आणि अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. विदर्भासाठी असं सामायिक केंद्र बुटीबोरीला आहे. ठेकेदाराच्या दरात ही वाहतूक धरली आहे का, हे करारातच लिहा.

कामगारांनो, हे तुमचे हक्क

मोठ्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावाच लागतो. लहान शेडमध्ये आणि ठेकेदाराच्या टोळीत तसा कुणी नसतो, म्हणून हे तुम्हालाच माहीत असलं पाहिजे.

- साधनं फुकट मिळाली पाहिजेत. शिरस्त्राण, हातमोजे, बूट यांचे पैसे मजुरीतून कापता येत नाहीत.
- तपासणी मालकाच्या खर्चाने. कामाला लागताना आणि पुढे ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची श्वासाची चाचणी व्हायला हवी. अहवालाची प्रत मागून घ्या.
- धोका दिसला तर सांगण्याचा हक्क आहे. जिवाला लगेच धोका वाटला तर मालकाला, सुरक्षा समितीला किंवा निरीक्षकाला कळवा.
- भरपाई. सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग म्हणून कायद्याच्या यादीत आहे. ईएसआयचं कार्ड असेल तर लाभ तिथून मिळतो, नसेल तर कर्मचारी भरपाईचा दावा करता येतो. तुम्ही ठेकेदाराचे असलात तरी ज्याच्या जागेवर काम चाललं, त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा ‘बरं वाटेल’ म्हणून थांबू नका.

तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडे करता येते. मजुरी आणि भरपाईसाठी भंडाऱ्याचं कामगार कार्यालय आहे. चिखला किंवा डोंगरी बुजुर्गसारख्या मँगनीज खाणीच्या आवारात काम असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचा अधिकार लागतो. लेखी द्या, पोच घ्या.

आता दवाखान्याचं. सिलिकोसिसचा एक्स-रे पुष्कळदा टीबीसारखा दिसतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याची शक्यताही जास्त असते. त्यामुळे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा होतो आणि धाप तशीच राहते. डॉक्टर तुमच्या कामाबद्दल विचारतीलच असं नाही. तुम्हीच सांगा: ‘मी इतकी वर्षं लोखंडावर रेती मारायचं काम केलं आहे.’ भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्वसनरोग विभागाकडे चिठ्ठी मागता येते. एक्स-रे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पद्धतीने वाचून हवा, असं तिथे सांगा. जाताना जुने सगळे एक्स-रे, टीबीच्या उपचाराचे कागद, आणि कुठे, कुणाकडे, कोणत्या साली, काय मारायचं काम केलं याची तारीखवार यादी एका पिशवीत घेऊन जा. हजेरीची चिठ्ठी, पगाराचा मेसेज, शेडमध्ये काढलेला मोबाइलचा फोटो, जे असेल ते त्याच पिशवीत ठेवा.